घर, वेस आणि साडेत्रेसष्ट अंश

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात ताप आणि जांघेत गाठ असलेले रुग्ण सापडू लागले. त्यांना तपासणारे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मुंबई महापालिकेचे सभासद. ही गाठीच्या प्लेगची साथ आहे, असं त्यांनी सांगितलं आणि शहराचा त्यावर लगेच विश्वास बसला नाही. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेला धान्याचा बाजार. खाली गोदाम, वर माणसं, मागे गटाराची गल्ली. आतल्या खोल्यांमध्ये भरदुपारीही दिवा लागायचा. काही आठवड्यांत मांडवी हे नाव मुंबईकरांच्या तोंडी वेगळ्याच आवाजात येऊ लागलं. काल जिथे तांदूळ घ्यायला जायचं, तिथून आलेल्या माणसाला आज दारात उभं करायचं की नाही, हा प्रश्न पडू लागला.

साथ येते तेव्हा रोगाला पत्ता हवा असतो. तो कुठे आहे हे कळलं, म्हणजे आपण कुठे असू नये हे ठरवता येतं. म्हणून साथीच्या काळात माणसं आपल्या गावाचा, गल्लीचा, घराचा नकाशा मनात नव्याने काढतात. रोग गेला तरी तो नकाशा मागे राहतो, कधी रस्त्यांच्या रुंदीत, कधी एखाद्या वस्तीच्या बदनामीत. मुंबई-पुण्याच्या प्लेगात हे जितकं उघड दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल.

त्या काळच्या बहुतेक आरोग्य अधिकाऱ्यांची समजूत अशी, की रोग जागेतच असतो. ओल, घाण, कोंडलेली हवा, अंधार यांतून तो उपजतो. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर यर्सिन यांनी शोधला होता, पण जंतू माणसापर्यंत कसा पोचतो हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. मग उपाय जागेवरच झाले. गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली गेली. भिंतींना चुना फासला. ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलं काढली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन अक्षरं रंगवली गेली. जिथे प्लेगने माणूस दगावला, त्या घराच्या भिंतीवर एक वर्तुळ आणि तारीख.

हे वर्तुळ क्षणभर डोळ्यांसमोर आणून पाहावं. चाळीच्या एकाच भिंतीवर चार-पाच वर्तुळं, प्रत्येकात वेगळी तारीख. वाचता न येणाऱ्यालाही ती मोजता येत. ज्या दारावर लग्नात तोरण बांधलं, त्याच दाराशेजारी सरकारी माणूस ब्रश घेऊन येतो आणि घरातल्या मृत्यूची नोंद रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकासाठी लिहून ठेवतो. माणूस गेल्याचं दुःख चार भिंतींच्या आत करायची मुभा त्या भिंतींनीच काढून घेतली. घर हे कुटुंबाचं राहिलं नाही, ते पुरावा झालं.

लोक पळाले. १८९७ च्या सुरुवातीच्या काही महिन्यांत मुंबईतून जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली असा अंदाज आहे. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची माणसं दहा वर्षांत कमी झाली. गिरण्यांचे साचे थांबले, बंदरावर हमाल मिळेनात. पळालेली माणसं गेली आपल्या गावी. कोकणात, घाटावर, गुजरातेत. त्यांच्याबरोबर कधी सामानातून, कधी धान्याच्या पोत्यांतून प्लेगही गेला. आतापर्यंत मुंबईहून कोणी आलं की गावात कौतुक असे, पोरं मागे धावत. आता मुंबईकर म्हटलं की लोक दार ओढून घेऊ लागले.

गावांकडे रोग अडवण्याचा आपला जुना नकाशा होता आणि तो शिवेचा होता. पटकी, देवी असली आजारपणं बाहेरून येतात, ती वेशीवर थोपवायची. मरीआईचं ठाणं बहुधा गावाच्या कडेला असतं ते याचसाठी. अनेक भागांत साथ आली की मरीआईचा गाडा काढत. पूजा करून, वाजतगाजत तो शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या शिवेवर न्यायचा. यात शेजाऱ्याबद्दल दुष्टावा होता असं मला वाटत नाही. आपली जबाबदारी कुठे संपते, याची ती स्पष्ट खूण होती. मुंबईत वांद्र्याच्या गल्ल्यांमध्ये दगडी क्रूस दिसतात, त्यांपैकी कितीतरी याच प्लेगच्या वर्षांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी आणि वाड्यांनी उभारले. रस्त्याच्या वळणावर, वस्तीच्या तोंडाशी. देव वेगळा, पण राखण मागायची ती वस्तीच्या तोंडाशीच.

पण प्लेगने हा नकाशा उलटा केला. आत सुरक्षित आणि बाहेर धोका, ही पिढ्यान् पिढ्यांची समजूत मोडली. घरात उंदीर पडायला लागले की काही दिवसांत माणसं पडतात, हे खेड्यापाड्यांतल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. पहिला उंदीर पडला की गाव उठायचं. भांडी-कुंडी, जनावरं, देव सगळं घेऊन माळावर, शेतात, खोपटं घालून राहायचं. गाव मोकळं, दारांना कुलपं. रात्री ज्या माळावर एकट्याने जायला भीती वाटायची, तिथेच आता लेकरांना घेऊन निजायचं. जिथे पूर्वज राहिले त्या घराची भीती. ही गावं महिनोन् महिने अशी राहिली आणि पुढच्या वर्षी साथ परतली की पुन्हा बाहेर पडली. तेव्हाच्या पिढीला ‘प्लेगात आम्ही माळावर होतो’ हे सांगताना वर्ष सांगायची गरज पडत नसे.

हे लोक शास्त्राच्या पुढे होते. प्लेग मुळात उंदरांचा रोग. उंदराच्या अंगावरच्या पिसवा त्याचं रक्त पितात. उंदीर मेला की त्याचं अंग थंड पडतं आणि पिसवा दुसरं गरम अंग शोधतात. घरात दुसरा उंदीर उरला नसेल, तर ते अंग माणसाचं असतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून हा मार्ग दाखवला. पुढची काही वर्षं त्यांना कोणी फारसं मानलं नाही. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत केलेल्या प्रयोगांनी ते पक्कं झालं. म्हणजे घर सोडणं हा अगदी बरोबर उपाय होता. उंदीर मागे राहायचे, पिसवा मागे राहायच्या. उलट माणूस बाहेर काढून छावणीत नेणं आणि उंदीर घरात तसेच ठेवणं, याचा फारसा उपयोग नव्हता. चुना फासल्याने पिसवा मरत नाहीत आणि गटारातून हुसकावलेले उंदीर शेजारच्या घरात शिरतात.

पुण्यात या गोंधळाची फार मोठी किंमत मोजली गेली. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग समितीचे प्रमुख म्हणून आले आणि मार्चपासून गोरे सैनिक घरोघर तपासणीला जाऊ लागले. पेठेतल्या वाड्याची रचना ज्याला माहीत आहे त्याला यातला आघात समजेल. ओसरीपर्यंत कोणीही यावं, माजघरापर्यंत नात्यातलं माणूस, स्वयंपाकघर आणि देवघर सोवळ्यातलं. प्रत्येक उंबरठ्याला एक परवानगी लागत असे. (ही परवानगी जातीचीही होती आणि ज्यांना ओसरीही मिळत नव्हती अशी माणसं त्याच गावात राहत होती, हे विसरून चालणार नाही.) बूट घातलेले सैनिक हे सगळे उंबरठे एका दमात ओलांडून देवघरापर्यंत गेले. बायकांची उघड्यावर तपासणी झाल्याच्या तक्रारी झाल्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्यामागे अनेक कारणं होती. पण घर नावाची जागा लोकांच्या हातून गेली, हे त्यातलं मोठं कारण होतं असं मी मानतो.

त्याच पुण्यात दुसरंही चित्र होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं, असं सांगतात. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ज्याला घरानेही आणि गावानेही बाहेर ठेवलं, त्याच्यासाठी मळ्यातलं ते खोपट हीच हक्काची जागा होती.

इस्पितळाबद्दलची भावनाही याच वर्षांत घडली. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची खात्री होती आणि आकडे पाहता ती अगदी निराधार नव्हती, कारण नेलं जायचंच शेवटच्या घटकेला. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढे सरकारने समाजासमाजांना आपापली इस्पितळं काढू दिली. पारशी, जैन, मेमन अशी ती निघाली. पुण्यात टिळकांनी पुढाकार घेऊन हिंदू प्लेग इस्पितळ काढलं. तिथे माणूस यायला तयार झाला, कारण पाणी कोणाच्या हातचं, स्वयंपाक कोणाचा, भेटायला कोण येऊ शकतं, हे त्याला माहीत होतं. उपचार तेच होते, जागा ओळखीची होती. त्या ओळखीला जातीची भिंत होती, हे त्यातलं दुखणं.

मुंबईत या भीतीचं सगळ्यात टिकाऊ रूप रस्त्यांत उतरलं. १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्या फोडून समुद्राचा वारा शहराच्या पोटात न्यायचा, ही त्याची कल्पना. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, त्यामागे वाहतुकीइतकाच वाऱ्याचा विचार आहे. दादर-माटुंग्याच्या शेतात आणि सखल जमिनीवर हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी उठली. झाडं, बागा, दोन इमारतींत अंतर. आज तिथल्या फाइव्ह गार्डन्सच्या बाजूला फिरायला येणाऱ्यांना मोकळं वाटतं, ते मोकळेपण प्लेगाच्या धास्तीतून आलेलं आहे.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एक नियम हिरिरीने मांडला, साडेत्रेसष्ट अंशांचा. खालच्या मजल्याच्या खिडकीपाशी उभं राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली, तर ती जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये. या कोनाचं गणित सोपं आहे. उंची जेवढी, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा समोर हवी. इमारत ४० फूट असेल तर अंतर किमान २० फूट. एवढं सोडलं तर सगळ्यात खालच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा मिळतो. मांडवीतल्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये मेलेल्या माणसांची ही भूमिती आहे आणि मला ती त्या काळातल्या कुठल्याही पुतळ्यापेक्षा मोलाची वाटते.

ट्रस्टची दुसरी बाजू कडू आहे. त्याने सुरुवातीच्या वर्षांत जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या बांधल्या नाहीत. हुसकावलेली माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागली. ट्रस्टने कामगारांसाठी बांधलेल्या बीआयटी चाळींमध्ये एका खोलीत अख्खं बिऱ्हाड मावायचं. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षं राहिले, शिकले, लिहीत राहिले. उपनगरातली हवा मिळाली ती भाडं परवडणाऱ्याला. रोगाने जागा बदनाम केली आणि जागेने तिथे राहणाऱ्याला बदनाम केलं.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा याच्या अगदी उलट. काही महिन्यांत त्याने भारतात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं नेली. प्लेगने कितीतरी वर्षांत मिळून जेवढी नेली, साधारण तेवढी. तरीही त्याच्या नावाने मुंबईत रस्ता नाही, वसाहत नाही. तो श्वासातून आला आणि गेला. त्याला पत्ता सापडला नाही, त्यामुळे पाडायला भिंतही सापडली नाही.

२०२० मध्ये करोना आला तो श्वासातूनच आणि नकाशा पुन्हा उलटा झाला. या वेळी घर सुरक्षित, बाहेर धोका. ‘घरीच राहा’ ही आज्ञा २४ मार्चच्या रात्री सगळ्या देशाला मिळाली. महाराष्ट्रात त्याआधीच तो १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला होता. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारला जात होता. जी खूण तेव्हा घराच्या भिंतीवर होती, ती आता माणसाच्या अंगावर आली आणि काही दिवसांत मोबाइलमध्ये गेली. आरोग्य सेतू ॲप उघडलं की आपल्या आसपास किती बाधित आहेत हे दिसे. जिल्हे लाल, नारिंगी, हिरवे झाले. आपण कुठल्या रंगात राहतो हे लोक सकाळी उठून पाहत.

पण ‘घरीच राहा’ या आज्ञेत एक घर गृहीत धरलं होतं. दार बंद केलं की आत पाणी, संडास, वेगळी खोली असं घर. धारावीत दोन चौरस किलोमीटरहून थोड्या जास्त जागेत आठ-दहा लाख माणसं राहतात आणि बहुतेकांना संडासासाठी गल्लीच्या टोकाला जावं लागतं. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं असतील तर त्यांतलं एक वेगळं कसं ठेवायचं? १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा धारावी बुडणार असं सगळे म्हणत होते. पालिकेने आणि तिथल्याच खासगी डॉक्टरांनी घरोघर ताप तपासला, शाळा आणि सभागृहं विलगीकरणासाठी घेतली. जे घरात शक्य नव्हतं ते शाळेत केलं. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं कौतुकाने नाव घेतलं. तरी त्या महिन्यांत धारावीचा पत्ता सांगितल्यावर ‘सध्या येऊ नका’ असं ऐकलेल्या घरकामवाल्या बायकांना ते कौतुक किती पुरलं असेल, मला शंका आहे.

ज्यांना शहरात घरच नव्हतं, ते चालत निघाले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळची गाडी मिळेल या आशेने रुळांवरून चालले होते. रूळ चुकत नाहीत, ते घराकडेच जातात आणि गाड्या बंद आहेत, असा त्यांचा हिशोब. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ थकून रुळांवरच झोपलेले १६ जण मालगाडीखाली गेले.

कोकणात सव्वाशे वर्षांनी तेच दृश्य परत आलं. रस्त्यावर बांबू आडवे, ‘बाहेरच्यांना प्रवेश बंद’चे फलक. चाकरमानी आपल्याच वाडीच्या शाळेत बाकांवर अंथरूण घालून दिवस मोजत होते, घर समोर दिसत होतं. गणपती २२ ऑगस्टला होते आणि आधी येऊन दहा दिवस वेगळं राहायची अट होती. कितीतरी घरांमध्ये सगळी भावकी एकत्र जमली नाही अशी ती पहिलीच चतुर्थी. आषाढीला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. देव भेटला असेल, पण दिवे घाट, वाखरीचं रिंगण ही ठिकाणं पायांखालून न जाता खिडकीतून गेली. वारकऱ्याला पंढरपूर हे चालत गेल्यावर लागणारं गाव आहे. वाट वगळली की ते गाव पुरतं तेच राहत नाही.

अनुभव असा जागेशी जोडला जाण्यामागे मेंदूचंही काही काम असावं. आपण कुठे आहोत हे ओळखणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस या भागात सापडल्या आणि त्या कामाला २०१४ चं नोबेल मिळालं. माणसात याच भागावर आठवणी बांधून ठेवण्याची जबाबदारी आहे. जागा बदलली की आठवणींना खुंट्या मिळतात. एकाच खोलीत काढलेले ते महिने अनेकांना आता एकमेकांत मिसळलेले आठवतात, यात मला नवल वाटत नाही.

आता टाळेबंदी संपली, फलक निघाले. घराच्या जाहिरातींत बाल्कनी आणि कामासाठी वेगळी खोली आली. ज्यांना ते परवडतं त्यांनी मोकळी हवा विकत घेतली, जशी शंभर वर्षांपूर्वी माटुंग्यात घेतली होती. पण गोवंडीला नटवर पारेख कंपाऊंड आहे. रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी हलवलेल्या झोपडपट्टीवासीयांना तिथे घरं दिली. इमारती आठ मजली, दोन इमारतींमधलं अंतर सुमारे ३ मीटर. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवे लागतात. अशा वसाहतींचा एक अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला आणि त्यात ऊन-वाऱ्याच्या अभावाशी क्षयरोगाचा संबंध दिसला. मजल्याला पावणेतीन मीटर धरले तर त्या इमारतीची उंची २२ मीटर होते. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाने समोर ११ मीटर मोकळी जागा लागली असती. तो नियम हेच शहर प्लेगात माणसं गमावून शिकलं होतं आणि उरलेले ८ मीटर कोणी, कशाच्या बदल्यात सोडले, हे गोवंडीतल्या माणसांनी विचारायला हवं, तसंच आपणही.